भूकंपाच्या आधी पोहोचलेले यंत्र

11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनानगरजवळ झालेल्या भूकंपाचे दोन आकडे ग्रंथांत सापडतात. एक 6.3 आणि दुसरा 0.63. अंक तेच, दशांशचिन्ह एक घर सरकलेले. छपाईची चूक वाटावी इतके सारखे दिसणारे हे आकडे दोन वेगळ्या जातींचे आहेत. पहिला भूकंपाची एकंदर मोठाई सांगतो, म्हणजे खडकात साठलेल्या ताणापैकी किती मोकळा झाला याचा अंदाज. दुसरा सांगतो, कोयना धरणाच्या आतल्या बोगद्यात, एका विशिष्ट जागी, एका विशिष्ट क्षणी जमिनीने किती जोराने हिसका दिला. वस्तू मोकळी सोडली तर ती ज्या त्वरणाने खाली येते ते गुरुत्वत्वरण, त्याला अभियंते ‘जी’ म्हणतात. 0.63 जी याचा अर्थ असा, की शंभर किलोच्या वस्तूला त्या क्षणी आडव्या दिशेने जवळपास 63 किलो वजनाइतक्या बलाने ढकलले गेले.

पहिला आकडा काढायला कोयनेला यंत्र असण्याची गरजच नव्हती. त्या भूकंपाच्या लहरी पृथ्वीभर पसरल्या आणि हजारो किलोमीटरवरच्या वेधशाळांनी त्या टिपल्या. दुसरा आकडा मात्र जगात एकाच ठिकाणी मिळू शकत होता, आणि तो मिळाला याचे कारण एवढेच की कुणीतरी भूकंप होण्याआधी तिथे एक पेटी नेऊन बसवली होती. भूकंपमापनाबद्दल आपल्याकडे जी चर्चा होते ती जवळजवळ सगळी पहिल्या आकड्याभोवती फिरते. ‘रिश्टर स्केलवर किती?’ हा प्रश्न धक्का थांबायच्या आत विचारला जातो, जणू रिश्टर स्केल हे कुठेतरी भिंतीवर टांगलेले यंत्र आहे. (ते यंत्र नाही, गणिताची एक रीत आहे.) माझे म्हणणे असे, की घर बांधणाऱ्याच्या, धरण आखणाऱ्याच्या, म्हणजे शेवटी त्यात राहणाऱ्याच्या दृष्टीने दुसऱ्या जातीचा आकडा अधिक मोलाचा आहे. तो नंतर कितीही पैसे ओतून मिळवता येत नाही. भूकंपाचे मापन भूकंपाच्या आधी होते, किंवा होतच नाही.

हे पटण्यासाठी यंत्राचे काम कसे चालते ते पाहायला हवे. जमिनीची हालचाल मोजायची तर मोजणाऱ्याने उभे कुठे राहायचे? जमीन, टेबल, भिंत, कागद, पेन, सगळेच एकत्र हलणार. डुलत्या नावेत बसून नावेचे डुलणे मोजावे तशी ही अडचण आहे. त्यातून सुटण्याची वाट जडत्वाने दिली. जड वस्तू टांगून ठेवली की चौकट हलते, पण वस्तू क्षणभर जागच्या जागी राहू पाहते. चौकट आणि वस्तू यांच्यातला हा फरक नोंदवला की जमिनीच्या हालचालीचा माग लागतो. साध्या लोलकाने हे काम भागत नाही, कारण जमिनीची हालचाल लोलकाच्या स्वतःच्या झोक्यापेक्षा जलद असेल तरच तो स्थिर राहतो. वीस सेकंदांनी एक हेलकावा घेणाऱ्या संथ लहरी पकडायच्या तर साधा लोलक शंभर मीटर लांब लागेल. त्यावरचा उपाय आपल्या जुन्या घरांत कुणीही पाहिलेला असतो. दाराची चौकट ओळंब्यात असेल तर दार जिथे सोडाल तिथे राहते. ती किंचित कलली असेल तर दार आपोआप, पण अगदी सावकाश, एका जागी येऊन थांबते. तसाच दांडा जवळजवळ उभ्या अक्षावर आडवा टांगला की वीतभर यंत्रात कितीतरी मोठ्या लोलकाचा संथपणा येतो. याला आडवा लोलक म्हणतात.

असाच एक आडवा लोलक घेऊन जर्मनीत एर्न्स्ट फॉन रेबॉयर-पाश्विट्झ पृथ्वीवर होणारे चंद्रसूर्याच्या ओढीचे सूक्ष्म परिणाम टिपत होता. 17 एप्रिल 1889 रोजी पॉट्सडॅमच्या यंत्रावर एक विचित्र थरथर उमटली. नंतर जपानमधल्या भूकंपाचे वृत्त त्याच्या वाचनात आले आणि वेळा जुळल्या. दूरवरचा भूकंप यंत्राने ओळखल्याची ही पहिली नोंद, आणि ती एका वेगळ्याच कामासाठी आधीपासून चालू असलेल्या यंत्राने केली, हे विसरू नये. जपानमध्ये जॉन मिल्न, जेम्स यूइंग आणि टॉमस ग्रे ही मंडळी 1880 पासून भूकंपमापकांवर झटत होती. मिल्नने पुढे इंग्लंडला परतून जगभर एकाच घडणीची यंत्रे बसवण्याचा खटाटोप केला.

हिंदुस्थानात यंत्रे आली ती आसामच्या 12 जून 1897 च्या महाभूकंपाची ठेच लागल्यावर. त्या भूकंपाचा अभ्यास रिचर्ड ओल्डहॅमने केला तेव्हा त्याच्या हाती जागेवरची यंत्रनोंद नव्हती. उलथलेले स्तंभ आणि जागचे उडालेले दगड हीच त्याची यंत्रे. दगड मातीतल्या खळग्यातून कडेला न घासता वर उडाले होते, त्यावरून त्याने ताडले की काही ठिकाणी वरच्या दिशेचे त्वरण गुरुत्वाकर्षणाहून अधिक असले पाहिजे. याच भूकंपाच्या युरोपातल्या नोंदी तपासताना त्याला तीन प्रकारच्या लहरी वेगळ्या काढता आल्या. आधी येणाऱ्या दाबाच्या, मागून येणाऱ्या आडव्या हेलकाव्याच्या, आणि शेवटी पृष्ठभागालगत रेंगाळणाऱ्या. म्हणजे पृथ्वीच्या पोटाबद्दल त्याने परदेशातल्या कागदांवरून जाणले, आणि शिलाँगच्या जमिनीबद्दल पडलेल्या दगडांवरून. जवळ आणि दूर यांच्यातली ही फूट तेव्हापासूनची आहे.

1898-99 च्या सुमारास अलीपूर, मुंबईतले कुलाबा आणि कोडाईकनाल इथे मिल्नची यंत्रे सुरू झाली. त्यांत एक खोट होती. एकदा हलले की लोलक आपल्याच लयीत झुलत राही, कारण त्याला आवरणारे काही नव्हते. कागदावर दिसणाऱ्या रेघेत भूकंप किती आणि लोलकाची स्वतःची हौस किती, हे सांगता येईना. गटिंगेनच्या एमिल वीखर्टने हवेच्या रोधाने लोलकाला लगाम घातला, आणि तिथून नोंद विश्वासार्ह झाली. या लगामाला अवमंदन म्हणतात. माझ्या मते भूकंपमापकाच्या इतिहासात लोलकाच्या शोधाइतकेच महत्त्व या लगामाला द्यायला हवे. संवेदनशील यंत्र बनवणे तुलनेने सोपे असते, आपलेच बोलणे थांबवून दुसऱ्याचे ऐकणारे यंत्र बनवणे कठीण. वीखर्टच्या एका यंत्राचे वजन 17 टन होते, कारण सुईला कागदावरची काजळी खरवडायला लावायची तर घर्षणावर मात करणारे जड लोढणे हवेच. पुढे रशियात बोरिस गोलित्सिनने लोलकाला तारेचे वेटोळे बांधून ते चुंबकाच्या फटीत हलवले. हालचालीची वीज झाली, आणि लोढण्याची गरज संपली.

कुलाब्याच्या यंत्रांनी भूकंपाखेरीज आणखी एक काम केले. भूकंप नसतानाही या यंत्रांच्या रेघा कधी स्वस्थ नसतात. काही सेकंदांच्या अंतराने एक बारीक थरथर चालूच असते, आणि पावसाळ्यात ती वाढते. वेधशाळेतल्या सुधांशुकुमार बॅनर्जी यांनी ही थरथर अरबी समुद्र आणि बंगालच्या उपसागरातल्या वादळांशी जोडून दाखवली आणि 1930 मध्ये त्यावर शोधनिबंध प्रसिद्ध केला. समुद्रातल्या लाटा तळाला थोपटतात आणि ते थोपटणे खडकातून मुंबईपर्यंत पोहोचते. भूकंपशास्त्रज्ञाला हा गोंगाट, हवामानशास्त्रज्ञाला तीच बातमी.

आता मूळ पेच. दूरचा भूकंप टिपायला यंत्र हळवे लागते, जमिनीची हालचाल हजारो पटींनी वाढवून दाखवणारे. कॅलिफोर्नियात वापरले जाणारे वूड-अँडरसन यंत्र म्हणजे ताणलेल्या तारेला चिकटवलेला तांब्याचा छोटा तुकडा आणि त्यावरच्या आरशातून परतणारा प्रकाशकिरण. 1935 मध्ये चार्ल्स रिश्टरने आपली रीत याच यंत्रावर बेतली. शंभर किलोमीटरवरून या यंत्राच्या कागदावर एक मिलिमीटर उंचीची रेघ उमटवणाऱ्या भूकंपाला त्याने 3 हा अंक दिला, आणि रेघ दसपट झाली की अंक एकाने वाढवला. पण असे यंत्र मोठ्या भूकंपाच्या अगदी जवळ असेल तर किरण कागदाबाहेर जातो, किंवा इतका वेगाने फिरतो की ठसाच उमटत नाही. जिथे हालचाल सर्वांत मोठी, तिथली नोंद सर्वांत निरुपयोगी. रोजचे सोने तोलणाऱ्या काट्यावर बैलगाडी चढवली तर दुसरे काय होणार?

म्हणून दुसऱ्या जातीचे यंत्र घडवावे लागले, त्वरणमापक. इथे युक्ती उलटी आहे. लोलक संथ करण्याऐवजी ताठ करायचा, सेकंदाला पंधरा-वीस वेळा थरथरणाऱ्या छोट्या स्प्रिंगला बांधायचा. मग तो जमिनीबरोबरच हलतो, आणि स्प्रिंगला बसणारा किंचित ताण जमिनीच्या त्वरणाच्या प्रमाणात असतो. इमारतीला जे बल सोसावे लागते तेही त्वरणातूनच येते, म्हणून अभियंत्याला हवी ती भाषा हे यंत्र थेट बोलते. अमेरिकेत 1932 पासून अशी यंत्रे बसू लागली. पुढच्याच वर्षी, मार्च 1933 मध्ये लाँग बीचच्या भूकंपाने पहिली नोंद दिली, आणि 1940 ची एल सेंट्रोची नोंद तर पुढची कित्येक दशके जगभरच्या अभियांत्रिकी वर्गांत गिरवली गेली. ही यंत्रे एरवी झोपलेली असत. ठरावीक मर्यादेपलीकडचा हादरा बसला की विजेरीवर जागी होत, फोटोचा कागद धावू लागे, आणि थोड्या वेळाने पुन्हा झोप. जागे होण्यात पहिला क्षण हुकत असे. त्यातल्या त्यात, मागून येणाऱ्या आडव्या लहरीच घरे पाडतात, आणि तोवर यंत्र जागे झालेले असे.

कोयना धरणाच्या पोटात, 1-ए या खंडातल्या बोगद्यात, असेच एक यंत्र होते. 1962 नंतर धरणाचा शिवसागर जलाशय भरू लागला तशी परिसरात बारीक धक्क्यांची कुरकुर सुरू झाली, म्हणून 1963 पासून तिथे भूकंपमापकांचे जाळे उभे राहिले होते. त्या पहाटे त्वरणमापकाने धरणाच्या लांबीच्या दिशेने 0.63, पाण्याच्या प्रवाहाच्या दिशेने 0.49 आणि वर-खाली 0.34 जी इतके त्वरण नोंदले. तोवर जगात नोंदल्या गेलेल्या सर्वांत तीव्र हादऱ्यांत त्याची गणना झाली. धरण आखताना आडव्या बलासाठी धरलेला गुणांक 0.05 होता. 103 मीटर उंचीचे धरण उभे राहिले, पण जिथे त्याचा मागचा उतार एकदम बदलतो त्या उंचीवर आडव्या भेगा पडल्या. मूळ नोंद हाती असल्यामुळे संशोधकांना गणकयंत्रावर तेच धरण पुन्हा हलवून पाहता आले आणि भेगा नेमक्या तिथेच का पडल्या याचे उत्तर मिळाले. अनिल चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या कामानंतर काँक्रीटच्या धरणांच्या भूकंप-विश्लेषणाची नवी रीत पारखायची तर ती कोयनेवर चालवून पाहायची, असा जगभर पायंडाच पडला.

या नोंदीवर आक्षेप आहेत आणि ते पोकळ नाहीत. यंत्र मोकळ्या जमिनीवर नव्हते, धरणाच्याच अंगात होते, तेव्हा त्याने नोंदले ते जमिनीचे हलणे की धरणाचे? शिवाय 0.63 ला 0.05 ने भागून ‘बारापट’ म्हणणे ही सरळ दिशाभूल आहे. आखणीतला गुणांक स्थिर बल धरून, ऐसपैस सुरक्षिततेसह वापरला जातो, आणि नोंदीतले शिखर सेकंदाच्या छोट्याशा अंशापुरते टिकणारा टोकदार हिसका असतो. दोन्ही मुद्दे मान्य. पण ते मांडता येतात याचे कारण नोंद आहे, हेच. हिसका टोकदार होता, त्याची वारंवारता अधिक होती, म्हणून शिखर मोठे असूनही धरण टिकले, हे सांगायला आपल्यापाशी कागद आहे. नोंद एकाच जागेची असेल तर ती अपुरी ठरेल, पण अपुऱ्या नोंदीशी वाद घालता येतो. नसलेल्या नोंदीशी काय घालणार?

किल्लारीच्या भूकंपात नेमके हेच झाले. 30 सप्टेंबर 1993, अनंत चतुर्दशीची रात्र उलटून पहाटेचे चार वाजायला आलेले. मोठाई कोयनेच्या जवळपासची, 6.2 च्या आसपास. मृत्यू मात्र हजारोंनी. आदल्या वर्षी त्या गावाने लहान धक्क्यांची मालिका अनुभवली होती, तरी भूकंपाच्या वेळी त्या पंचक्रोशीत तीव्र हादरा नोंदणारे एकही त्वरणमापक नव्हते. देशाच्या भूकंप-नकाशात तो भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात रंगवलेला, मग तिथे यंत्र कोण नेणार? मुख्य धक्क्यानंतर फिरती यंत्रे घेऊन देशी-परदेशी पथके आली आणि मागाहूनचे धक्के त्यांनी कसून टिपले. पण मुख्य प्रश्न तसाच राहिला. माती-दगडाच्या जाड भिंती आणि माळवदाचे ओझे असलेली ती घरे पडली ती हादरा फार मोठा होता म्हणून, की मध्यम हादऱ्यातही ती पडणारच होती? काळ्या मातीने हादऱ्यात किती भर घातली? जागेवरच्या नोंदीशिवाय हादरा आणि घर यांचे गुन्हे वेगळे करता येत नाहीत. पडलेल्या घरांवरून हादऱ्याचा अंदाज बांधायचा आणि त्याच अंदाजावरून घरांची पारख करायची, असे गोल फिरणे वाट्याला येते. ओल्डहॅमनंतर 96 वर्षांनीही आपण पडलेले दगडच वाचत होतो.

आता भुजचे उदाहरण घ्या. 26 जानेवारी 2001 च्या त्या 7.7 च्या भूकंपाच्या केंद्राजवळही त्वरणमापकाची नोंद नाही. कच्छ तर सर्वांत धोक्याच्या पट्ट्यात कधीचा होता, तेव्हा नकाशाचे कारणही इथे चालत नाही. गुजरातेत काजळी धरलेल्या काचेवर ओरखडा काढणारी साधी लोलकयंत्रे काही ठिकाणी होती. ती हादऱ्याचा जोर सुचवतात, पण काळ सांगत नाहीत. खरी नोंद मिळाली ती दोनशेहून अधिक किलोमीटरवर, अहमदाबादच्या पासपोर्ट कार्यालयाच्या इमारतीत, रुरकीच्या संस्थेने बसवलेल्या यंत्रांतून. तळाशी जेमतेम 0.1 जी. या एका आकड्याने अहमदाबादेतल्या कोसळलेल्या बहुमजली इमारतींचा निकाल लावला. ‘केवढा मोठा भूकंप, इमारत काय करील?’ ही सबब तिथे उरली नाही. हादरा माफक होता, खांबांवर उभे केलेले मोकळे तळमजले आणि हलगर्जी बांधकाम दोषी होते. याच रुरकीच्या जाळ्याने 1991 च्या उत्तरकाशी आणि 1999 च्या चमोली भूकंपांच्या नोंदी दिल्या होत्या. यंत्र असले की नोंद येते, हे वाक्य बाळबोध आहे, पण आपला इतिहास ते वाक्य विसरल्याचा आहे.

यावर व्यवहारी माणूस विचारतो, कॅलिफोर्निया आणि जपानपाशी नोंदींचे ढीग आहेत, ते वापरावेत. काही प्रमाणात वापरलेच जातात. पण लहरी अंतराबरोबर किती विरतात हे खडकावर ठरते. आपल्या द्वीपकल्पाचा जुना, थंड, कमी तुटलेला खडक लहरी दूरवर नेतो, कॅलिफोर्नियाचे चिरफाळलेले कवच त्या लवकर गिळते. भुजचा हादरा इतक्या दूरपर्यंत जाणवला तो याचमुळे. परक्या मातीचे सूत्र इथे लावले तर जवळचा आणि लांबचा, दोन्ही अंदाज चुकण्याची भीती. दुसरा प्रश्न खर्चाचा, आणि तो मला अधिक प्रामाणिक वाटतो. जे यंत्र वीस वर्षांत कदाचित एकदा कामाला येईल त्याची विजेरी बदलायला, घड्याळ जुळवायला, उंदीर-मुंग्यांपासून केबल वाचवायला माणूस किती वर्षे पाठवायचा? उद्घाटनाला पैसे मिळतात, झाडलोटीला मिळत नाहीत, हे आपल्याकडे विहिरींपासून वाचनालयांपर्यंत दिसतेच. पण याच कारणासाठी त्वरणमापकाचा खर्च यंत्राच्या किमतीवर मोजू नये, देखभालीच्या वर्षांवर मोजावा. मग थोडी, पण जिवंत यंत्रे हा शहाणा सौदा ठरतो. आणि ही यंत्रे भूकंपाचे भाकीत करीत नाहीत, मग उपयोग काय, असे विचारणाऱ्याने एवढे ध्यानात घ्यावे की भाकीत खरे ठरले तरी कच्चे घर पडतेच. नोंद पुढच्या घरासाठी असते.

अलीकडे एक नवा आक्षेप आला आहे. खिशातल्या मोबाइलमध्ये त्वरणमापक आहे, कोट्यवधी फोन मिळून भूकंप ओळखतातही, मग वेगळ्या पेट्या कशाला? फोनमधले सिलिकॉनचे चिमुकले लोलक खरोखर हादरा पकडतात, आणि ‘आत्ता धक्का बसतो आहे’ हे झटपट कळायला त्यांची मदत होते. पण फोन उशीखाली आहे की दहाव्या मजल्यावरच्या टेबलाच्या काठावर, हे नोंदीत लिहिलेले नसते. इमारत आखायची तर यंत्र खडकावर घट्ट बसवलेले हवे, त्याची दिशा ठाऊक हवी आणि त्याची पारख झालेली हवी.

आजचे चांगले भूकंपमापक तर जुन्या कल्पनेच्या नेमके उलट चालते. वस्तू चौकटीच्या मानाने हलू लागताच विद्युतचुंबकाने तिला परत जागेवर ढकलले जाते, आणि तिला जागेवर धरायला किती वीज लागली तेच मोजले जाते. त्यामुळे एकच यंत्र समुद्राच्या थरथरीपासून बऱ्यापैकी मोठ्या हादऱ्यापर्यंत सगळे पेलते, आणि 24 बिटांची आकडेनोंद त्या दोन्ही टोकांना एकत्र सांभाळते. नोंद अखंड चालू असल्याने पहिला क्षणही हुकत नाही. एक जुनी अडचण मात्र आजही छळते. जमीन आडवी सरकली की जरा कलली, हे त्वरणमापकाला वेगळे कळत नाही. आईन्स्टाईनच्या सिद्धान्तात त्वरण आणि गुरुत्व एकाच घरचे असल्याचा हा व्यावहारिक भुर्दंड आहे. त्वरणावरून एकूण सरकणे काढू गेले की चूक साठत जाते, म्हणून आता उपग्रहावरून स्थान सांगणारी यंत्रे जोडीला बसवतात.

कोयनेत हा सगळा प्रवास आता जमिनीखाली पोहोचला आहे. धरणाच्या दक्षिणेला जो मोजका पट्टा पन्नासहून अधिक वर्षे हादरत आला आहे, तिथे कराडच्या संशोधन केंद्राच्या देखरेखीखाली खोल विंधणविवरे घेतली गेली. गोठणे गावचे विवर 3 किलोमीटर खोल आहे. वरचा किलोमीटर-सव्वा किलोमीटर बेसाल्टचा थर ओलांडून ते खालच्या जुन्या ग्रॅनाइटात शिरते, कारण भूकंप तिथे होतात. पृष्ठभागावरची वाऱ्याची, वाहनांची, झाडांच्या मुळांची खळबळ खाली पोहोचत नाही, त्यामुळे दीडेक किलोमीटरवर उतरवलेल्या भूकंपमापकांना असे बारीक धक्के ऐकू येतात ज्यांचा वर मागमूस नसतो. पावसाळ्यानंतर शिवसागर तुडुंब भरतो आणि सप्टेंबरपासून पुढच्या काही महिन्यांत धक्क्यांची संख्या वाढते, हे इथल्या नोंदींनी फार पूर्वीच दाखवले आहे. तुम्ही हे वाचत असाल तेव्हाही विवरांच्या तोंडाशी ठेवलेल्या पेट्यांत सेकंदाला शेकडो आकडे उतरत असतील, त्यांतले जवळजवळ सगळे कुणीच न वाचण्यासाठी.